पडलं कोण, अ‍ॅप की सिस्टीम

नागपूर, १४ ऑक्टोबर २०२५

अश्विन,

जयभीम घे. रागात आहे म्हणून तेवढंही टाळायचं, इतकी मी अजून बिघडलेली नाही.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक करून ठेवलंस. मेल करायची आता मलाच धास्ती वाटते, कारण आपले मेल लोक चारचौघांत मोठ्यानं वाचतात. म्हणून हे पोस्टानं. बंगळूरच्या त्या काचेच्या ऑफिसात मोठ्या बहिणीचं स्पीड पोस्ट आलं म्हणून तुझी मित्रमंडळी हसली, तर खुशाल हसू दे.

काल बाबांच्या चौकशीची पहिली बैठक झाली. मला बोलावलं होतं, कारण कन्हानच्या डेपोतले कॉम्प्युटर मी सांभाळते. तुला बोलावलं नाही, कारण तुझा मेल हजर होता. मालकाचा पुतण्या केयूर शेठ खुर्चीवर, बाजूला मॅनेजर मधुसूदन साहेब दुसऱ्या खुर्चीवर, मी तिसऱ्या, आणि बाबा स्टुलावर. सगळी उमर ज्या माणसानं त्या कोळशाच्या डेपोत वजनकाटा सांभाळला त्याला स्टूल. मी उठले, तर बाबांनी डोळ्यांनीच खाली बस म्हटलं.

केयूर शेठनं तुझा मेल वाचला. "अ‍ॅप्लिकेशनमध्ये कोणताही दोष नाही. बिघाड ऑपरेटिंग सिस्टीमच्या देखभालीतला आहे." देखभाल म्हणजे मी. नाव घ्यायचीसुद्धा तुला गरज वाटली नाही. मग त्यानं माझं उत्तर वाचलं. "सिस्टीम व्यवस्थित आहे. परवाचं वजन आजचं म्हणून दाखवणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनचा हा दोष आहे." दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवून तो म्हणाला, "भाऊ म्हणतो माझं बरोबर, बहीण म्हणते माझं बरोबर. चला, दोन्ही निर्दोष. मग राहिलं कोण?"

सगळे बाबांकडे बघत होते. मी पण बघत होते, अश्विन, आणि मला स्वतःचीच शिसारी आली.

तुझ्यापर्यंत काय आणि किती पोचलं मला माहीत नाही, म्हणून सरळ सांगते. दसऱ्याची सुट्टी संपवून बाबा तीन तारखेला सकाळी कामावर गेले. ट्रक काट्यावर चढतो, वजन केबलमधून कॉम्प्युटरात येतं, तुझं अ‍ॅप ते पकडून पावती छापतं, बाबा सही करतात. तुला माहीत आहे, तूच बनवलंस. त्या सकाळी दसऱ्याआधीच्या शेवटच्या ट्रकचं जे वजन होतं, तेच पहिल्या ट्रकला आलं, तेच दुसऱ्याला, तेच पुढच्याला. सुट्टीनंतरचा पहिला दिवस, हायवेपर्यंत लाइन, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतायत. बाबांच्या लक्षात येईपर्यंत बरेच ट्रक निघून गेले होते. मग त्यांनी अ‍ॅप बंद करून परत उघडलं, आणि अ‍ॅपच काय, सगळं मशीनच बसलं. गेलेल्या ट्रकांत पावतीपेक्षा जास्त कोळसा होता. मालक म्हणतो, रुपरावनं ड्रायव्हरांशी संधान बांधलं. चोरी हा शब्द अजून कागदावर आलेला नाही. तोंडातोंडी मात्र झाला आहे.

आपलं दोघांचं भांडण कॉलेजपासूनचं. तू म्हणायचास, अ‍ॅप चुकणारच, माणसानं लिहिलेलं आहे. त्याला सांभाळून घेणं हेच सिस्टीमचं काम, आणि एक अ‍ॅप पडल्यानं सगळं खाली बसत असेल तर ती सिस्टीम काय कामाची? मी म्हणायचे, सिस्टीमनं जागा दिली, मेमरी दिली, आता मांडीवर घेऊन भरवायचं पण का? आई म्हणायची, "कोनाचं चुकलं ते उद्या ठरवजा, आधी ताटं घ्या." तेव्हा मजा वाटायची. आता त्याच भांडणात आपला बाप सापडला आहे, आणि बाहेर निघायला जागा नाही.

केयूर शेठला माझा लेखी रिपोर्ट हवा आहे. "कारण एकच लिहा, मॅडम. अ‍ॅप, सिस्टीम, नाहीतर माणूस. गोलगोल नको." अ‍ॅप लिहिलं तर तू. सिस्टीम लिहिलं तर मी. काहीच ठरलं नाही तर बाबा. त्यांना रिटायर व्हायला वर्ष राहिलं आहे.

तोवर बाबांना काम नाही, पण रोज हजेरी आहे. गेटजवळच्या चौकीदाराच्या खोलीत बसून राहायचं, सुट्टी झाली की घरी यायचं. नागपूर सोडायचं नाही. जशी आरोपीची असते तशी सगळी व्यवस्था.

तुझा त्या मेलमागे काय हिशोब होता, ते एकदा मला सांग. वाटलं तर शिव्या दे, पण उत्तर दे.

मेघाताई


नागपूर, २४ ऑक्टोबर २०२५

अश्विन,

दिवाळीची सुट्टी असते म्हणून तू येशील असं आईला वाटलं होतं. तिनं सांडगे तळून ठेवले. आता मी खाऊन राहिले, आणि प्रत्येक सांडग्यागणिक तुला शिव्या देऊन राहिले.

पत्र मिळालं हे मला पोस्टाच्या साइटवर दिसतं. सही तुझीच आहे. म्हणजे वाचलंस. म्हणजे वाचूनही गप्प आहेस. छान.

पण आज भांडायला वेळ नाही. काल जे कळलं ते तुलाच सांगू शकते, दुसऱ्या कोणाला सांगायची चोरी आहे.

काल मी डेपोत मशीन उघडून बसले होते. मधुसूदन साहेब चहा घेऊन आले. हा माणूस वाईट नाही, तुला माहीत आहे. आपल्या शाळेच्या फीसाठी बाबांना अ‍ॅडव्हान्स मिळवून द्यायला हाच मालकाकडे गेला होता. तर चहा ठेवून म्हणाले, "मेघा, यंदा तुझं मशीन काय सजलं होतं. झेंडूचा हार, हळदीकुंकू. मी स्वतः पुसलं त्याला."

मी विचारलं, "कधी साहेब?"

"दसऱ्याला. आपल्याकडे सगळ्या मशिनांची पूजा असते ना त्या दिवशी. लोडर, जनरेटर, काटा. सगळी बंद करायची, त्या दिवशी त्यांना काम सांगायचं नाही. बाकी सगळं शांत, आणि तुझा हा डबा एकटाच घुरघुरत होता. बटण काही सापडेना. मग मी वायरच काढली. म्हटलं, यालाही एक दिवस विश्रांती नको का?"

इतक्या मायेनं सांगितलं, अश्विन, की मी चहा तसाच बाजूला ठेवला.

तो डबा त्या दिवशी का घुरघुरत होता, ते ऐक. सिस्टीमचं मोठं अपडेट मी दसऱ्याला लावलं होतं. मुद्दाम दसऱ्याला. का, तर डेपो बंद. माझ्या डोक्यात दसरा म्हणजे दीक्षाभूमी. लहानपणापासून त्या दिवशी आपण सकाळी पांढरे कपडे घालून निघतो, पुस्तकांच्या स्टॉलवर तुझ्यामागे धावतो, रात्री पाय दुखत घरी येतो. त्या दिवशी बंद डेपोत दुसरे लोक काय करत असतील, हा विचार या डोक्यात कधी शिरलाच नाही. डेपो बंद म्हणजे मशीनला हात लावणारं कोणी नाही, एवढंच मला दिसलं. आणि त्यांच्या डोक्यात दसरा म्हणजे नेमकं मशीनला हात लावायचा दिवस. मी घरून लावलं, त्यांनी तिकडे वायर काढली. अपडेट अर्धं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं ते दिसायला धडधाकट, पण काट्याची केबल कुठे लागते ते विसरलेलं. केबलमधून काहीच येईना. आणि तुझ्या अ‍ॅपनं, वजन येत नाही म्हणून बोंब मारायची सोडून, आपल्याला आठवत होतं तेच वजन दाखवत बसणं पसंत केलं. आता सांग कोणाची चूक? अर्ध्यात वायर निघाली तरी आधीच्या जागी परत यायला हवं होतं माझ्या सिस्टीमनं. जुनं वजन नवं म्हणून खपवायला नको होतं तुझ्या अ‍ॅपनं. आणि चालू मशीनची वायर ओढायला नको होती साहेबांनी. बाबांची चूक शोधून सापडत नाही.

मला वाटलं, सुटलो. पळत चौकीदाराच्या खोलीत गेले, बाबांना तिथं काही बोलले नाही. कामठीच्या पुढे बस निघाल्यावर सगळं सांगितलं. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "मले अंदाज होता. तीन तारखेला टेबलावर फुलं होती. मीच झाडली."

"मग चौकशीत सांगितलं काहून नाही तुम्ही?"

"काय सांगू? पूजेनं मशीन बिघडली म्हनून सांगू?"

"पूजेनं नाही बाबा. वायर काढल्यानं."

"तू वायर लिहिशीन. लोक पूजा वाचतीन." मग आवाज अजून खाली केला. "रुपरावाच्या पोरीनं असं लिहिलं, हे संध्याकाळपर्यंत कन्हानभर होईन. मंग वजन, कोळसा, सगळं राहते बाजूले. आपले अजून लोक हायेत तिथं. लोडिंगवर हायेत, झाडायले हायेत. त्यांले तिथंच रोज जा लागते. काट्याचं भांडन काट्यापुरतं राहू दे."

मी म्हटलं, "आणि तुम्हाला चोर म्हणतील ते?"

"म्हनू दे. एकट्याले म्हनतीन."

इंदोऱ्याच्या चौकात आम्ही उतरलो. खरं काय ते हातात आहे आणि ते हातातून सोडता येत नाही. तू असतास तर भांडला असतास त्यांच्याशी. तू भांडू शकतोस. मी रोज त्यांना सकाळी डबा घेऊन जाताना बघते.

मेघाताई


नागपूर, ३ नोव्हेंबर २०२५

अश्विन,

आज भांडण नाही. आज मागणं आहे, आणि तुला माहीत आहे मला मागायला किती जड जातं.

दहा तारखेला शेवटची बैठक आहे. रिपोर्ट तेव्हाच द्यायचा. पूजेचं लिहायचं नाही, बाबांनी शपथ घातली नाही पण त्याहून वाईट केलं, गप्प बसले. आई म्हणते, "त्यायच्या मनाविरुद्ध काही करू नोको वं. लय सोसलं त्यायनं." माणूस लिहायचं तर तो माझा बाप आहे. उरलं अ‍ॅप आणि सिस्टीम.

मी रात्रंदिवस याच दोन शब्दांत फिरून राहिले. स्वयंपाक करताना, गाडीवर, कोणाच्या दुकानात प्रिंटर लावताना. सिस्टीम लिहिलं तर केयूर शेठ विचारणार, मग अपडेट दसऱ्याला का लावलं, मधेच का थांबलं, आणि तिथून वायरीपर्यंत दोन पावलंसुद्धा नाहीत. साहेब स्वतःच सांगतील, त्यांना त्यात काही गैर वाटतच नाही. म्हणजे परत पूजा. म्हणजे सिस्टीमचा रस्ता जिथं बाबांना जायचं नाही तिथंच जातो.

अ‍ॅपचा रस्ता मात्र तिथपर्यंत जात नाही. वजन येत नसताना अ‍ॅपनं जुनं वजन दाखवलं. एवढंच. का येत नव्हतं, कोणी विचारणार नाही. आणि हे खोटंही नाही, अश्विन. तुझ्या मनाला विचार. केबल तुटली, उंदरानं कुरतडली, काहीही झालं असतं तरी अ‍ॅपनं तेच केलं असतं.

हे मान्य केलंस तर तुझं काय होईल ते मला कळत नाही असं समजू नकोस. हेच अ‍ॅप तू आता दुसऱ्या काट्यांना विकतोयस. ज्या लोकांनी तुझ्या कंपनीत पैसा लावला ते तुला कोंडीत पकडतील. तो मेल तू त्याच भीतीनं लिहिलास हे मला आता कळतं. तेव्हा कळलं असतं तर मी उलटा मेल केला नसता. बहुतेक केलाच असता, पण जरा सौम्य.

आपल्या बापाला एक ओळ हवी आहे. "चूक अ‍ॅप्लिकेशनची आहे." तू लिहिलीस तर मी माझ्या रिपोर्टात तेच लिहीन आणि प्रकरण तिथं संपेल. तुला नाही जमलं तर नाही म्हण. पण सात तारखेपर्यंत काहीतरी कळव. मला आंधळेपणानं त्या खोलीत पाठवू नकोस.

बाबा बरे आहेत. चौकीदाराच्या खोलीत आता ते त्याच्या रेडिओची दुरुस्ती करतात.

ताई


नागपूर, ११ नोव्हेंबर २०२५

अश्विन,

काय केलंस तू, आणि काय केलं मी.

सात तारीख गेली, आठ गेली. नऊला मी पोस्टमनला गल्लीत गाठलं. काही नाही. मेल नाही, फोन नाही. मला वाटलं, तू नाही म्हटलंस. वाईट वाटलं, पण खरं सांगते, तुझा राग आला नाही. मी बसून रिपोर्ट लिहिला. "चूक ऑपरेटिंग सिस्टीमच्या देखभालीतली आहे. अपडेट नीट पूर्ण झालं की नाही हे मी तपासलं नाही. अ‍ॅप्लिकेशनचा आणि रुपरावांचा यात काही दोष नाही." अपडेट का अर्धं राहिलं ते लिहिलं नाही. म्हटलं विचारलंच तर सांगेन वीज गेली होती. कन्हानला वीज जाते, कोणीही मान्य करेल.

दहाला त्या खोलीत गेले. बाबा स्टुलावर. मी रिपोर्ट पुढे ठेवला. केयूर शेठनं वाचला, मग लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. तुझा मेल होता, आदल्या संध्याकाळचा, सरळ त्याला केलेला. "चूक अ‍ॅप्लिकेशनची आहे. वजन येत नसताना जुनं वजन दाखवणं हा माझ्या कामातला दोष आहे. सिस्टीम व्यवस्थित होती. रुपरावांचा यात काही संबंध नाही."

मला ते वाचून आधी काय वाटलं सांगू? ऊर भरून आला. माझा भाऊ, म्हटलं. आणि लगेच पुढचं कळलं.

केयूर शेठ म्हणाला, "पहिल्या बैठकीत भाऊ म्हणतो बहिणीची चूक, बहीण म्हणते भावाची. आज भाऊ म्हणतो माझी, बहीण म्हणते माझी. भाऊ म्हणतो सिस्टीम ठीक, बहीण म्हणते अ‍ॅप ठीक. म्हणजे दोघांच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही ठीकच. मॅडम, तुम्ही मुलं चांगली आहात. बापाला वाचवायला निघाला आहात. पण मग काय समजायचं मी, बापाला वाचवायची गरज का पडली?"

मी म्हटलं, दोन्ही खरं आहे, थोडी चूक याची, थोडी त्याची. तो म्हणाला, "मी एक कारण मागितलं होतं." मी मधुसूदन साहेबांकडे बघितलं. ते पेनाचं टोपण काढत आणि लावत होते. मी तोंड उघडलं, वायर हा शब्द जिभेवर आला होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

आज परत बोलावून बाबांच्या हातात पत्र दिलं. निष्काळजीपणा, आणि संगनमताचा संशय. कामावरून कमी.

एक ओळ, अश्विन. मला एक ओळ पाठवली असतीस. मी नुसतं "अ‍ॅप" लिहून मोकळी झाले असते आणि आज बाबा काट्यावर बसले असते. आणि मी तरी काय मोठी शहाणी? आईच्या फोनवरून लावता आला असता तुला फोन. आईच्या नंबरला तू ब्लॉक केलं नव्हतंस. पण ताईचा ताठा. भावाच्या उत्तराची वाट बघणार, स्वतःहून वाकणार नाही. आपण दोघं आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांसाठी पुढे झालो आणि नेमके एकमेकांच्या आड आलो.

बाहेर पडल्यावर मला रडू आवरेना. गेटपाशी बाबा थांबले. आणि हसले. खरंच हसले, मी बघितलं. म्हणाले, "दोघंही एकाच दिवशी शहाने झाले बाप्पा. दोन-चार दिवस मागंपुढं झाले असते तर."

तू आज ब्लॉक काढलंस हे दिसलं. फोन पण लावला होतास. मी उचलला. तुला जसं बोलता आलं नाही तसं मलाही आलं नाही. नुसता श्वास ऐकत बसण्यापेक्षा ठेवला ते बरं केलंस. पत्रातच बरं आपलं.

ताई


नागपूर, २५ नोव्हेंबर २०२५

अश्विन,

पहिले आठ दिवस बाबा सकाळी उठून तयार व्हायचे. शर्ट, पँट, पायात चप्पल. मग खुर्चीत बसायचे. आई डबा भरायची नाही, आणि डबा का भरला नाही म्हणून कोणी विचारायचं नाही. बाहेर पडणं त्यांनी बंद केलं. विहारात गेले नाहीत, चौकात गेले नाहीत. ओळखीचं कोणी आलं की आतल्या खोलीत जायचे. चौकीदाराच्या त्या खोलीला मी शिव्या द्यायचे, पण निदान ती सुट्टीच्या वेळी उघडायची.

परवा सकाळी मी चहा दिला तर म्हणाले, "कागद घे. आता लिही."

"काय लिहू?"

"जसं झालं तसं. वायर बी लिही, पूजा बी लिही. कोनाचं वाकडं लिहू नोको. मधुसूदन साहेबानं चांगल्या मनानं काढली, हे बी लिही."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच नको म्हटलं होतं. आपले लोक आहेत तिथं."

"हाव. त्यायचंच आयकलं आता. काल लोडिंगवरचा आला होता, तू नव्हती घरी. म्हने, भाऊ, आमच्याकडे पाहून तुमी चोर झाले काय? आमाले विचारलं तरी होतं काय तुमी?" कप खाली ठेवला. "नव्हतं विचारलं मी. माझ्याच मनानं ठरवलं होतं."

मग मी लिहायला बसले. कामगार कार्यालयात द्यायचा अर्ज. अ‍ॅप्लिकेशनची चूक, सिस्टीमची चूक, वायर, सगळं ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं. वकील म्हणतात तारखा पडत राहतील, रिटायरमेंटच्या आत काही होईल याची आशा नको. बाबांना ते सांगितलं. मान हलवली. लिहिलेलं सगळं वाचलं आणि म्हणाले, "सुट्टीचं खोटं लिहिलं आहे."

मी लिहिलं होतं की दसऱ्याला रुपराव आजारपणाच्या रजेवर होते. डेपोच्या रेकॉर्डला तेच आहे, ते जुळावं म्हणून मी तसंच उतरवलं, वाटलं यंदापुरतंच असेल.

"मी आजारी नव्हतो. कोन्याच दसऱ्याले नव्हतो. पूजेले सगळ्यायनं हजर राहा लागते तिथं. म्हनून मी दरसाल ताप लिहून देत होतो. तुमी लहान होते तवापासून. ते खोड. लिही, मी दीक्षाभूमीवर होतो."

अश्विन, आपण दरवर्षी त्यांचं बोट धरून जायचो. तापाच्या रजेवर जायचो हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं.

अर्ज देण्याआधी मधुसूदन साहेबांना दाखवायचा, त्यांच्या मागून काही करायचं नाही, हा बाबांचा हट्ट. काल आम्ही दोघं गेलो. गेटच्या आत घेतलं नाही, साहेबच बाहेर आले. उभ्यानं सगळं वाचलं. वायरीपाशी थांबले नाहीत. दीक्षाभूमीपाशी थांबले.

"ताप नव्हता तुला? दरवर्षी?"

"नाई जी."

"मी दरवर्षी तुझ्यासाठी प्रसाद वेगळा काढून ठेवायचो रुपराव. आजारी माणसाचा म्हणून, तुपाचा हात जरा कमी ठेवून."

"भेटत होता मले."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं असतं तर सुट्टी देल्ली असती काय?"

साहेबांनी खरंच विचार केला. मी बघत होते, लगेच हो म्हणाले नाहीत. मग म्हणाले, "वर विचारावं लागलं असतं." अर्ज परत बाबांच्या हातात दिला. "वायर मी काढली, हे मी कुठं नाकारतो? पण लिहून मागू नकोस. त्या दिवशी त्या खोलीत मला कळलं होतं. मेघानं तोंड उघडलं आणि मिटलं, तेव्हाच कळलं. मला अजून इथं राहायचं आहे रे. या वयात दुसरीकडे कोण घेईल?"

"मी मांगाले नाई आलो साहेब," बाबा म्हणाले. "सांगाले आलो. तुमाले दुसऱ्याकून कळाले नोको म्हनून."

आणि जय भीम म्हणाले. इतक्या वर्षांत त्या गेटवर त्यांनी नेहमी नमस्कार केला. साहेबांनी हात जोडले, काही बोलले नाहीत, आत गेले. आम्ही स्टॉपवर येऊन बसची वाट बघितली. मला भीती वाटत होती आणि अजूनही वाटते. उद्या काय होईल, कोण काय वाचेल, मला काहीच माहीत नाही. रात्री बाबा मात्र पोटभर जेवले.

अर्जाखाली पहिली सही बाबांची आहे. सिस्टीमच्या परिच्छेदाखाली माझी. अ‍ॅपच्या परिच्छेदाखाली तुझी लागेल. सोबत अर्ज पाठवणार होते, पाकिटावर पत्तापण घातला होता. बाबांनी काढून घेतला.

म्हणाले, "पोस्टानं नोको. त्याले म्हन, येऊन कर."

ताई